पाण्यासारखी साफ

लघवीवर लेख लिहितेय म्हटल्यावर घरात पहिली प्रतिक्रिया "शी!" आणि दुसरी "निदान आडनाव तरी टाकू नकोस" अशी आली. पण मी तरी काय करू, माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्या प्लॅस्टिकच्या झाकणवाल्या डब्यांत गेलीत. अकोल्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी सातला शटर वर गेलं की बाहेर माणसं उभीच असतात, कुणी डबी रुमालात गुंडाळून आणतं, कुणी काळ्या पिशवीत, कुणी पेपरात, आणि एक आजोबा अजूनही खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली विसळून त्यात आणतात, कितीही वेळा सांगा, काका यात चालत नाही, नवी डबी घ्या. रक्त द्यायला कुणाला लाज वाटत नाही, हात पुढे करून बसतात. लघवीची डबी मात्र काउंटरवर ठेवली की माणूस दोन पावलं मागे सरकतो, जणू ती त्याची नाहीच.

आणि रिपोर्टचंही तेच. रक्ताचा रिपोर्ट लोक उभ्याउभ्या वाचतात, गुगल करतात, जावयाला फोटो पाठवतात. लघवीच्या रिपोर्टात पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, किती आणि शुगर आहे का एवढं बघून कागद पिशवीत. पण त्यात वरच्या तीनचार ओळींमध्येच एक आकडा असतो, १.०१० किंवा १.०२५ असा काहीतरी, त्याच्यापुढे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी लिहिलेलं असतं, तो कुणीच विचारत नाही. मला विचाराल तर अख्ख्या कागदावर तोच आकडा सगळ्यात गोष्टीवेल्हाळ आहे. काल रात्री तुम्ही किती पाणी प्यायलात, उन्हात किती हिंडलात, आणि तुमच्या किडनीला तुमचं ऐकू येतं की नाही, हे सगळं त्यात थोडंथोडं असतं.

साध्या पाण्याचा आकडा १.००० धरतात. लघवीत युरिया, मीठ आणि बाकीचं जेवढं जास्त विरघळलेलं तेवढा तो वर जातो. धडधाकट माणसाचा १.००३ च्या आसपासही येऊ शकतो आणि १.०३० सुद्धा, एकाच माणसाचा, एकाच दिवसात. आम्ही शिकत होतो तेव्हा युरिनोमीटर होतं, काचेचं, खाली जड गोळा आणि वर लांब मानेवर बारीक रेघा, ते लघवीच्या नळकांड्यात सोडायचं, बोटांनी हलकेच गोल फिरवायचं म्हणजे काठाला चिकटत नाही, आणि मग खाली वाकून डोळे पातळीला आणून रेघ वाचायची. आता पट्टी आहे. पट्टीवर ओळीने चौकोन, त्यातला एक या कामाचा. पातळ लघवीत बुडवला तर गडद निळसर हिरवा राहतो, घट्ट असली की पाऊण मिनिटात हिरव्यावरून पिवळटाकडे सरकतो. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळच्या सॅम्पलांत पिवळेच पिवळे. अकोल्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला पंचेचाळीस डिग्रीचं वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की लघवी जितकी पाण्यासारखी साफ तितकी किडनी झकास. व्हॉट्सॲपवर रंगांचा तक्ता फिरतो, वरचा पांढरा म्हणजे शाब्बास आणि खालचा पिवळा म्हणजे आता मेलात. सकाळी उठल्याउठल्या लिटरभर पाणी ढोसून आलेले तरुण मला अभिमानाने सांगतात, मॅडम, बघा, एकदम क्लिअर. अरे बाबा, तू लिटरभर पाणी प्यायलास, ते बाहेर येणारच. त्यात कौतुक कसलं. किडनीचं खरं कसब साफ लघवी करण्यात नाही, घट्ट करण्यातही नाही, वेळ बघून बदलण्यात आहे. पाणी जास्त झालं तर सोडून देता आलं पाहिजे आणि कमी पडलं तर धरून ठेवता आलं पाहिजे. हे दोन्ही जिला जमतं ती किडनी चांगली, मग तुमच्या डबीतला रंग आज कुठलाही असो.

हे काम ती कसं करते ते कळलं तेव्हा मला आधी हा प्रकार वेडेपणाचाच वाटला होता. म्हणजे बघा, एका किडनीत साधारण दहा लाख बारीक नळ्या, त्यांना नेफ्रॉन म्हणतात, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, त्यातून रक्तातलं पाणी गाळून नळीत उतरतं. किती? दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर. आपल्या रक्तातला पातळ भाग अख्खा मोजला तरी तीनेक लिटर. म्हणजे तेच पाणी दिवसातून साठएक वेळा गाळलं जातं आणि शेवटी बाहेर पडतं दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत आत. एखाद्याला वाटेल सरळ नको ते तेवढंच उचलून फेकायचं ना, एवढी उठाठेव कशाला. पण दिवाळीत माळा आवरताना आपण काय करतो, आधी सगळं खाली काढतो आणि मग हवं ते एकेक वर ठेवतो, उरलं ते भंगारात. किडनी हाच उद्योग दर पाऊण तासाला दोनदा करते. आणि त्यात एक फायदा आहे, नको असलेल्या प्रत्येक गोष्टीची तिला वेगळी ओळख ठेवावी लागत नाही. उद्या तुम्ही कुठलीतरी नवीच गोळी खाल्लीत, जी माणसाच्या शरीराने जन्मात बघितली नाही, तरी ती गाळण्यातून खाली उतरली आणि कुणी परत वर घेतली नाही तर आपोआप बाहेर.

पहिल्याच वळणावळणाच्या भागात दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतलं जातं, साखर तर सगळी, म्हणजे रक्तातली शुगर १८० च्या आसपास जाईपर्यंत सगळी, त्याच्यावर गेली की नळीची क्षमता संपते आणि मग माझ्या पट्टीवरचा दुसरा चौकोन रंग बदलतो. हा भाग कुणाच्या सांगण्यावरून फार बदलत नाही, तुम्ही पाणी प्या नाहीतर निर्जळी एकादशी करा. खरी मजा पुढे, जिथे नळी खाली किडनीच्या पोटात खोल उतरते, हेअरपिनसारखी वळते आणि परत वर येते. याकोब हेन्ले नावाच्या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६२ साली ही वळणं पाहून लिहून ठेवली, म्हणून हेन्लेचा लूप. पण हे वळण कशासाठी आहे हे पुढची ऐंशी वर्षं कुणाला नीट सांगता आलं नाही. आणि सांगितलं कुणी, तर डॉक्टरने नाही, स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या वेर्नर कून या रसायनशास्त्रज्ञाने, १९४२ मध्ये. त्याने म्हटलं, दोन नळ्या शेजारीशेजारी, त्यात उलट दिशेने वाहणारं पाणी, आणि मधल्या भिंतीवर छोटासा फरक सतत राखला, तर लांबीभर तो फरक साठत जाऊन टोकाला प्रचंड होतो.

म्हणजे प्रत्यक्षात असं. वर येणारी जी बाजू आहे तिच्या भिंतीतून पाणी जात नाही, पण ती मीठ मात्र सतत बाहेर ढकलत असते. खाली उतरणाऱ्या बाजूतून पाणी बाहेर जाऊ शकतं. वर येणाऱ्या बाजूने ढकललेल्या मिठामुळे आजूबाजूची जागा खारट, त्यामुळे उतरणाऱ्या नळीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आतलं उरलेलं आणखी खारट होतं, तेच वळून वर यायला लागतं, आता पंपाच्या हातात आधीपेक्षा खारट माल, तो त्यातलंही मीठ बाहेर टाकतो, मग जागा आणखी खारट. पंपाची ताकद कुठल्याही एका ठिकाणी फार नाही, पण हे चक्र चालू राहिलं की खालच्या टोकाशी दाटपणा रक्ताच्या चौपट होतो. हा दाटपणा मिलिऑस्मोलमध्ये मोजतात, म्हणजे लिटरमागे विरघळलेले कण किती ते; रक्ताचा आकडा २९० च्या आसपास, टोकाशी १२००. कूनचं हे लगेच सगळ्यांना पटलं असं नाही. १९५१ मध्ये त्याने, हारगिताय आणि विर्त्झ या दोघांबरोबर उंदराच्या किडनीचे गोठवलेले पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवले आणि कुठल्या थरातला बर्फ आधी वितळतो ते बघितलं. खारट बर्फ लवकर वितळतो. जसजसं टोकाकडे जावं तसतसा तो लवकर वितळत होता. मला हा प्रयोग फार आवडतो, किडनीतला खारटपणा बर्फावरून वाचायचा, याला डोकं लागतं.

लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी घरात कुणाला चालू असेल तर ती नेमकी इथे काम करते, मीठ ढकलणारा तो पंप बंद पाडते. पंप बंद म्हणजे खारट जागा नाही, खारट जागा नाही म्हणजे पाणी ओढून घेणारं कुणी नाही, मग माणूस गोळी घेतल्यावर दुपारपर्यंत बाथरूमच्या आसपासच घुटमळतो.

हेन्लेच्या लूपने खारट जागा तयार केली, पण पाणी धरायचं की सोडायचं हे ती ठरवत नाही. ते ठरतं डोक्यात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी आहेत, रक्ताचा दाटपणा एक-दोन टक्क्यांनी जरी वाढला तरी त्यांना कळतं. एक-दोन टक्के! आमच्या लॅबच्या कित्येक टेस्टमध्ये त्याच्याहून जास्त फरक आम्ही "चालतो" म्हणून सोडून देतो. त्यांना कळलं की दोन गोष्टी होतात, तुम्हाला तहान लागते, आणि पिट्युटरीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, दुसरं नाव एडीएच. ते रक्तातून किडनीपर्यंत येतं आणि लघवी ज्या शेवटच्या नळीतून त्या खारट भागातून खाली जात असते तिच्या भिंतीला सांगतं की दारं उघड. दारं उघडली की पाणी खारट बाजूला निघून जातं आणि डबीत येते ती पिवळी, घट्ट, थोडीशी. हार्मोन कमी झालं की दारं आत ओढून घेतली जातात, आणि सगळं पाणी सरळ मूत्राशयात.

ही दारं म्हणजे खरंच दारं आहेत हे १९९२ पर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये पीटर ॲग्रे रक्तगटातल्या आरएच प्रोटीनवर काम करत होता, त्यात त्याला एक भलतंच प्रोटीन पुन्हापुन्हा सापडायला लागलं, ज्याचं काम काय ते कुणाला माहीत नव्हतं. त्याने ते बनवण्याचा निरोप बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि अंडी पाण्यात टाकली. साधी अंडी तशीच राहिली. टोचलेली फुगली आणि फुटली, कारण आता त्यांच्या भिंतीत पाण्याला वाट होती. त्या प्रोटीनचं नाव ॲक्वापोरिन. त्यासाठी त्याला २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. असल्या एका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात. किडनीतलं जे दार व्हॅसोप्रेसिनचं ऐकतं ते याच कुटुंबातलं, नंबर दोनचं.

हे वाचल्यावर उन्हाळ्यातल्या बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात. तहानेने जीव जातोय म्हणून लिटरभर गार पाणी एका दमात प्यायलं तर रक्त जरा पातळ होतं, डोक्यातल्या पेशी म्हणतात पाणी झालं पुरे, हार्मोन थांबतं, आणि पुढच्या दोन-तीन तासांत त्यातलं बरंचसं बाहेर. त्याच घामाघूम माणसाने मीठ घातलेलं ताक प्यायलं, किंवा पन्हं, तर त्यातल्या मिठामुळे पाणी अंगात टिकतं. आपल्या आज्यांना व्हॅसोप्रेसिन माहीत असायचं कारण नव्हतं, पण ताकात मीठ-जिरं घालून शेतात पाठवायचं हे माहीत होतं. आणि बिअरचं उलटं. दारू व्हॅसोप्रेसिनलाच दाबते, म्हणून पिणारा लघवीवाटे बरंच पाणी घालवून बसतो आणि सकाळी जीभ टाळूला चिकटते. एक जानेवारीला लॅबमध्ये फार गर्दी नसते, पण जे येतात त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता दुसरी बाजू, पाणी सोडता न येण्याची. ही मी घरातच बघितली. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, बीपीची गोळी चालू, त्यात थायझाइड नावाचं लघवीचं औषध असतं तसलं. मीठ कमी करा सांगितलेलं, त्यांनी ते जवळजवळ बंदच केलं, कारण आमच्याकडे कमी म्हणजे बंद. उन्हाळा लागला आणि भाच्याने कौतुकाने रेघा मारलेली मोठी बाटली आणून दिली, दहा वाजेपर्यंत इथपर्यंत, बारापर्यंत तिथपर्यंत, अशी. त्या इमानदारीत पीत राहिल्या. आठवड्याभरात सुस्त झाल्या, जेवणावरची वासना गेली, मग एका दुपारी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या ऊन लागलं, कांदा ठेवा कपाळावर. रक्तातलं सोडियम काढलं तर ११९. नॉर्मल १३५ ते १४५ असतं.

झालं असं की पातळ लघवी करायची असेल तर नळीच्या पुढच्या भागात पाणी आतच ठेवून मीठ तेवढं काढून घ्यावं लागतं, आणि थायझाइड नेमकं तेच काम अडवतं. वय झालं की ही क्षमता तशीही उतरते. वरून जेवणात मीठ नाही. मग प्यायलेलं पाणी बाहेर पडेना, रक्तातलं सोडियम पातळ होत गेलं, आणि पाणी पेशींमध्ये शिरायला लागलं. हातापायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर चालतं, मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते. डॉक्टरांनी गोळी बंद केली, ॲडमिट केलं, आणि पाणी कमी केलं. यावर घरात जे रणकंदन झालं! पंचेचाळीस डिग्रीत म्हातारीचं पाणी तोडता? एक मामा तर फोनवर म्हणाले डॉक्टर बदला. त्यात सोडियम झटकन वर आणूनही चालत नाही, घाईने वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दिवसाला थोडंथोडं, सकाळ-संध्याकाळ रक्त काढून. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारून चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले.

हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि ते मुख्यतः असे लोक होते ज्यांनी पळताना इतकं पाणी प्यायलं की शर्यतीनंतर त्यांचं वजन आधीपेक्षा वाढलेलं होतं. बेचाळीस किलोमीटर पळून वजन वाढतं! पळण्याच्या ताणात व्हॅसोप्रेसिन सुटतच असतं, दारं उघडी, त्यात हे वरून ओततायत. दिवसाला आठ ग्लास, तीन लिटर, चार लिटर असले सरसकट आकडे मला म्हणूनच आवडत नाहीत. एसीत बसणारा बँकेचा साहेब आणि भर उन्हात रस्त्याचं काम करणारी बाई यांना एकच आकडा कसा लागू होईल? ज्याला मूतखडे होतात त्याने मात्र भरपूर प्यावं, दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं, कारण घट्ट लघवीत खडे जमतात. तो वेगळा हिशोब आहे, आणि तो डॉक्टर सांगतो, बाटलीवरच्या रेघा नाही.

तहान लागली की प्या, असं म्हणून मोकळं व्हावं तर तेही सगळ्यांना जमत नाही. आमच्याकडे झेडपीच्या शाळेतल्या मॅडम येतात, बाजारात भाजी विकणाऱ्या बाया येतात, एसटीतल्या लेडी कंडक्टर येतात, डबीत लघवी चहाच्या रंगाची, आकडा १.०३०, पस सेल्स भरपूर, जळजळ होते म्हणतात. पाणी पिता का ताई? "सकायी पेतो ना. मंग घरी गेल्यावर." मधे? मधे नाही, कारण जायचं कुठे. शाळेत संडास आहे पण त्याला पाणी नाही, बसस्टँडवरचा आहे पण दाराला कडी नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम चालवली, फुकट आणि स्वच्छ मुताऱ्या द्या म्हणून, तेव्हा कितीजणांनी त्या नावावरच दात काढले होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आठ-नऊ तास पाणी न पिता उन्हात काम करणाऱ्या बाईची किडनी तिच्या ताकदीच्या अगदी टोकाला काम करत असते, सगळी दारं उघडून, थेंब न् थेंब परत घेत. ती तिचं काम चोख करतेय. रोजरोज तिला त्या टोकाला नेऊन ठेवायचं कुणी ठरवलं हा प्रश्न वेगळा आहे आणि तो लॅबमध्ये सुटणारा नाही.

आणि आता ते काका, ज्यांच्यामुळे खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. तेल्हाऱ्याकडचं गाव, खारपाणपट्ट्यातलं. बाहेरच्यांसाठी सांगते, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत एक मोठा पट्टा आहे जिथलं जमिनीखालचं पाणी खारं आहे, विहिरीचं, बोअरचं, सगळं. काही गावांना आता वान धरणाचं पाणी मिळतं, पण नळ आला नाही की बोअर आहेच. त्या भागात किडनीच्या पेशंटांची चर्चा वर्षानुवर्षं आहे, गावागावांत लोक नावं सांगतात. नुसत्या पाण्याला दोष द्यायचा की नाही यावर वाद आहेत, बीपी असतं, शुगर असते, पाठ दुखते म्हणून रोज दोन पेनकिलर असतात, उन्हातलं काम असतं, हे सगळं एकाच माणसात एकत्र.

काका बीपीसाठी आले होते. वर्षभरात दोनचारदा त्यांचं सॅम्पल माझ्याकडे आलं. सकाळचं पहिलं, म्हणजे रात्रभर पाणी न पिता जे सगळ्यात घट्ट असायला हवं ते, आणि डबीत पाण्यासारखी साफ लघवी. पट्टी १.०१०. प्रोटीन प्लस, म्हणजे लघवीत प्रोटीन उतरतंय. पुढच्या वेळी पुन्हा १.०१०. मे महिन्यात १.०१०, डिसेंबरात १.०१०. एकदा आल्या आल्या म्हणाले रात्री तीन-चार डाव उठा लागते. मग डॉक्टरांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती गाळतेय ते सांगणारी रक्ताची टेस्ट, लावली, सोनोग्राफी सांगितली, आणि रिपोर्ट हातात घेऊन काका काउंटरवर मलाच विचारायला लागले, "लघवी तं पान्यावानी साफ होते माई, अन् भरपूर होते. मंग किडनी कायची खराब?"

मी टेक्निशियन आहे, निदान सांगायचा मला अधिकार नाही, डॉक्टरांना भेटा एवढंच म्हणाले. पण तो आकडा मला दिसत होता. १.०१० म्हणजे साधारण रक्ताचाच दाटपणा. म्हणजे किडनीत जे गाळलं गेलं ते ना घट्ट झालं ना पातळ, जसं आलं तसं पुढे गेलं. आता हिशोब बघा. साध्या जेवणातून रोज जो कचरा बाहेर टाकायचा असतो तो समजा ६०० मिलिऑस्मोल. चांगली किडनी लिटरमागे १२०० पर्यंत कोंबू शकते, म्हणजे अगदीच वेळ आली तर अर्ध्या लिटरमध्ये तिचं भागतं. काकांची किडनी ३०० च्या वर जाऊ शकत नाही, तिला त्याच कचऱ्याला दोन लिटर पाणी लागणारच. लोणचं-पापड जास्त खाल्लं, त्यात पिण्याचं पाणीच खारं, की कचरा ९०० वर गेला, तर तीन लिटर. दिवसा नाही झालं तर रात्री. म्हणून चार वेळा उठणं, म्हणून साफ, म्हणून भरपूर. आजार अंगावर यायच्या किती तरी आधी किडनी हे कसब गमावते, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणत असतात की बाबाला लघवी छान होते. जुन्या वैद्यांनी प्रमेहाच्या, म्हणजे लघवीच्या विकारांच्या, वीस प्रकारांत उदकमेह म्हणून वेगळा काढला होता, लघवी स्वच्छ, भरपूर, थंड, बिनवासाची, पाण्यासारखी. त्यांचं कारण-कार्य वेगळं आणि हा आजारही बहुधा वेगळा, पण पाण्यासारख्या लघवीकडे त्यांनी शाब्बास म्हणून बघितलं नव्हतं एवढं नक्की.

पुढे गाडी उताराला लागली. घट्ट करता येत नव्हतं, मग पातळ करणंही गेलं, मग गाळणंच कमी झालं. पायावर सूज, दम, आणि आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चारचार तास. तिथे आत जाताना आणि बाहेर येताना वजन करतात. कोरडं वजन ठरवून दिलेलं असतं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना जेवढं भरायला हवं तेवढं, आणि दोन डायलिसिसच्या मधे जे वाढतं ते बहुतेक सगळं पाणीच. डोक्यातल्या पेशी अजून सांगतायत तहान लागलीय, काकांना लागतेही, पण पाणी बाहेर काढणारं कुणी उरलं नाही. म्हणून मुलगा एका स्टीलच्या ग्लासाने मोजून देतो आणि वहीत लिहितो, चहा, वरण, दूध, सगळं धरून. परवा रक्ताचं सॅम्पल घेऊन आला तेव्हा वैतागलेला होता, बुधवारी अडीच किलो वाढून निघालं म्हणाला, मशीनवर क्रॅम्प येऊन काका ओरडत होते. चौकशी केली तर चुलत्याच्या पोराच्या लग्नात पंगतीला बसून तीन वाट्या कढी प्यायले होते. वर म्हणे, "कढी म्हंजे का पानी असते का?"